वाटेच्या कडेची रंभाबाई

सुमतीबाईंच्या अंगणात झाडांना झाडांची नावं कधी नव्हतीच. फाटकाजवळची पिवळी जास्वंद म्हणजे देवकी, कारण देवकीवहिनींनी ती डहाळी मोडून हातात दिली होती. नळाजवळचा मोगरा म्हणजे सावनेर, कारण तो सावनेरच्या आतेसासूबाईंकडून ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं आला होता. ज्यानं दिलं त्याचं नाव झाडाला, ही नागपूरच्या त्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, सगळ्याच बायकांची रीत होती. नर्सरीतून झाड विकत आणणं म्हणजे आपल्याला शेजारीण नाही असं चारचौघांत कबूल करण्यासारखं वाटायचं तेव्हा.

आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या वाटेला, दोन्ही कडेनं, होती रंभाबाई. कांद्याच्या पातीसारखी बारीक हिरवी पानं, आणि पावसाळ्यात एका सकाळी अचानक उगवणारी गुलाबी फुलं. रंभाबाईला खत नको, छाटणी नको, आणि उन्हाळ्यात तर पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यात ती पानं टाकून मातीच्या आत झोपायची. वरून पाहिलं तर नुसती भेगाळलेली माती.

इथंच सगळा घोळ झाला.

होळीनंतर विश्वनाथराव त्या वाटेवर घसरले. वाट जुन्या शहाबादी फरशीची, मोगऱ्याला घातलेलं पाणी उताराने तिच्यावर आलेलं, आणि विश्वनाथरावांची नजर अलीकडे अशी की ओलं आणि कोरडं त्यांना सारखंच. मनगट मोडलं. पुण्याहून ऋषी आणि सूनबाई नूपुर धावत आले. सुमतीबाई नवऱ्याच्या उशाशी दवाखान्यात होत्या, तेवढ्यात ऋषीनं मिस्त्री बोलावून जुनी फरशी उखडून टाकली आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत सिमेंटचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसवून घेतले. फोनवर सुमतीबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "दोन्ही कडेला माती सोड रे बाबा." ऋषीनं सोडली. वीत-दीड वीत रुंदीच्या दोन लांब पट्ट्या, काठाला सिमेंटची कड, आत आणून टाकलेली नवी काळी माती.

घरी आल्यावर सुमतीबाई फाटकातच उभ्या राहिल्या.

"रंभाबाई कुठे गेली?"

"कोण? ती गुलाबी फुलं?" ऋषी म्हणाला. "आई, तिथं काही नव्हतं. मी स्वतः उभा होतो. कोरडी माती होती नुसती. ती केव्हाच मेली असणार."

"ती उन्हाळ्यात दिसत नाही रे."

"आता दिसत नाही ते होतं म्हणून मी कसं मानू?"

"आणि ती माती?"

"मलब्याच्या ट्रॉलीत गेली."

मुलावर रागवावं तर त्याचं खोटं नव्हतं. स्वतःवर रागवावं तर त्या दवाखान्यात होत्या. सुमतीबाई चपला हातात घेऊन त्या नव्या, कोरड्या, सरळसोट वाटेवरून घरात गेल्या. चपला हातात का घेतल्या ते त्यांनाही कळलं नाही.

जेवताना ऋषीनं त्याची अट सांगितली. "हे बघ आई, मी झाडांच्या विरोधात बोलून नाही राहिलो. पण त्या पट्ट्यांमध्ये रोज पाणी घालावं लागेल असं काही लावायचं नाही. वाट ओली झाली, बाबा पुन्हा घसरले, तर मी पुण्याहून काय करणार? आम्ही रविवारी निघतो. शनिवारी मिस्त्री पायरीचं राहिलेलं काम करायला येतो. तोवर काय लावायचं ते ठरव. नाही ठरलं तर मी त्यातही सिमेंटचा माल ओततो आणि गट्टू बसवून टाकतो. एकदाची कटकट नको."

म्हणजे शनिवारपर्यंत. त्यानंतर फाटकापासून दारापर्यंत बोटभरसुद्धा माती उरणार नव्हती.

सुमतीबाईंना वाटलं होतं, झाड ठरवणं यात काय आहे? आयुष्यभर त्यांनी झाडंच लावली. पण आयुष्यभर त्यांनी झाड कधी निवडलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. कुणीतरी द्यायचं आणि त्या लावायच्या. निवडायची वेळ आली तेव्हा त्यांना काहीच सुचेना.

सल्ले मात्र भरपूर. समोरच्या घरातल्या प्रेमिलाबाई कैरीच्या पन्ह्याचा ग्लास घेऊन पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या.

"काहून वं सुमतीबाई, एवढा कायचा विचार करून राहिल्या? कोरफड लावा. पाणी नको न काही नको."

"काटे असतात तिला. हे हात टेकवायला जातील."

"मंग सदाफुली लावा. गाय बी तोंड नाही लावत तिले."

"तिचं बी उडून फटींत उगवतं. सगळे गट्टू उचलून ठेवेल ती."

"मंग ते पट्ट्यापट्ट्याचं, उभं, सापासारखं..."

"अहो, यांना धड दिसत नाही. संध्याकाळी साप म्हणून काठी घालतील त्याच्यावर."

प्रेमिलाबाईंनी पन्हं संपवलं. "तुमाले झाड लावाचं हाय का नाही लावाचं?" त्यांनी विचारलं.

नूपुरनं मोबाइलवर चित्रं दाखवली. जांभळे तुरे, चंदेरी गवत, दगडांच्या मधून डोकावणारी काही तरी निळी फुलं. "आई, हे बघा, यांना अजिबात पाणी लागत नाही."

"हे कुठलं आहे?"

नूपुरनं बोटानं चित्र वर सरकवलं. "हे... कुठल्याशा थंड गावातलं दिसतंय."

"आपल्याकडे मे महिन्यात गट्टूवर पापड भाजतो," व्हरांड्यातून विश्वनाथराव म्हणाले. त्यांचा हात गळ्यात होता, पण कान शाबूत होते.

बुधवारी सकाळी ऊन चढायच्या आत सासू-सुना अमरावती रोडवरच्या एका नर्सरीत गेल्या. हिरव्या जाळीच्या सावलीत कुंड्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून पाइप ओढत फिरणारा एक हसतमुख माळी.

"काय पाहिजे, आजी?"

सुमतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "रंभाबाई."

माळी थबकला. त्यानं मागे वळून शेडकडे पाहिलं. "रंभाबाई म्हणून आमच्याकडे कोणी कामाला नाही, आजी. आधी होती का?"

नूपुरला हसू आवरेना. सुमतीबाई मात्र गंभीरच होत्या. त्यांनी वर्णन केलं. पातीसारखी पानं, खाली छोटा कांदा, गुलाबी फूल. "लिली म्हणा ना मग," माळी म्हणाला आणि त्यांना कुंड्यांमागून कुंड्या दाखवत सुटला. एकीची पानं हातभर लांब. एकीला चेंडूएवढं लाल फूल. एक पांढरी, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची. एक सावलीतच जगणारी. सगळ्या लिल्या. सुमतीबाई प्रत्येकीसमोर वाकून बघत होत्या, जसं लग्नाच्या मांडवात बायका लांबच्या नात्यातली मुलगी ओळखायला वाकतात. एकही त्यांची नव्हती.

"तिला नाव काय, कंपनी कोणती, काही माहीत आहे का?" माळ्यानं विचारलं.

"कंपनी कसली रे? शेजारची होती ती."

रिकाम्या हातांनी दोघी परत आल्या. रिक्षात नूपुरनं हळूच विचारलं, "आई, ही रंभाबाई म्हणजे नेमकी कोण?"

मग सुमतीबाई बोलत राहिल्या. आता शेजारी चार मजली फ्लॅट स्कीम उभी आहे, खाली अख्खं पार्किंग, तिथं रंभाबाईंचं घर होतं. दोन्ही घरं एकाच वर्षी बांधून झाली. तेव्हा इथवर दिवे नव्हते आणि पावसाळ्यात चपला काळ्या मातीत रुतून बसायच्या. सुमतीबाई जुन्या नागपुरातल्या, महाल भागातल्या भरल्या घरातून आलेल्या, तिथं जेवायला पंगत बसायची. इथं दिवसभर बोलायला एक भिंत. रंभाबाई पारशिवनीकडच्या शेतकरी घरातल्या, रांगड्या, मोठ्या आवाजाच्या. पहिल्याच आठवड्यात त्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "बाई, तुमी दिवसभर त्या खिडकीत उभं राहून काय पाहून राहता? माह्याकडे या नं." आणि त्या दिवसापासून खिडकी सुटली.

"त्यांनीच दिली मला ती. पहिल्याच पावसाळ्यात. मूठभर कांदे, ओंजळीत." सुमतीबाई रिक्षाच्या बाहेर बघत होत्या. "त्या गेल्यालाही आता किती वर्षं झाली. घर विकलं गेलं. त्यांचं म्हणून एवढंच होतं माझ्याकडे."

नूपुर म्हणाली, "त्यांच्या घरी कोणाकडे असेल ना?"

हे सुमतीबाईंना सुचलंच नव्हतं. रंभाबाईंची मुलगी वंदना कामठीत दिलेली होती. दिवाळीला तिचा फोन येतो. घरी पोचताच त्यांनी तिला फोन लावला. "या नं काकू," वंदना म्हणाली. "आईचं सारं हाय माह्याकडे. झाडं बी हायेत."

दुपारी कूलरपाशी बसून विश्वनाथराव म्हणाले, "सुमती, मागे खिडकीबाहेर कूलरच्या स्टँडखाली पोत्यात कांदे ठेवले आहेत का? वर पाणी टपकतं. फुटून राहिले ते."

"अहो, कांदे स्वयंपाकघरात आहेत. टोपलीत."

"मला हिरवं दिसतं."

"तुम्हाला काल दूधवाला ऋषी दिसला होता."

यावर विश्वनाथरावांनी तोंड फिरवलं. सुमतीबाईंच्या डोक्यात कामठी होती.

शुक्रवारी त्या नूपुरला घेऊन बसनं कामठीला गेल्या. वंदनाच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट इतकी की दारात उभं राहून ओरडून बोलावं लागलं. आत गेल्यावर आवाज जरा मंदावला. वंदनानं पाणी दिलं, पायावर डोकं ठेवलं, आणि थेट मागच्या अंगणात नेलं. तिथं भिंतीलगत जुनी बादली, फुटका माठ, तेलाचे डबे, सगळ्यांत झाडं. एका डब्यात मात्र नुसती माती. कोरडी, डब्याच्या कडेपासून सुटलेली.

"हे घ्या," वंदना म्हणाली. "झोपलेलं हाय आता. आई म्हणे, उन्हाळ्यात याले हात लावाचा नाही."

सुमतीबाईंनी त्या मातीत दोन बोटं घातली. आत गोल, टणक काही लागलं. त्यांचे डोळे भरून आले. "हीच गं. रंभाबाई."

वंदनानं त्यांच्याकडे बघितलं. "आई काहून? ही तं सुमती हाय."

"काय?"

"याले आमच्या घरी सुमतीच म्हणतात, काकू. आई तं नेहमी सांगे. सुमतीबाईनं लावलं व्हतं म्हणे त्यांच्या बाजूनं, त्यातलं मूठभर आईनं आणलं. आईनं घर सोडलं तं भांड्यांच्या आधी हा डबा गाडीत ठेवला."

"नाही गं. मला तुझ्या आईनं दिलं."

"नाही काकू. आईले तुम्ही दिलं."

"वंदना, माझी स्मरणशक्ती अजून..."

"आईची बी शेवटपर्यंत साजरी होती," वंदना शांतपणे म्हणाली.

नूपुर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. वंदनानं डबा उलटा केला, माती झटकली, आणि लहान लहान तपकिरी कांद्यांचा ढीग वर्तमानपत्रात बांधून सुमतीबाईंच्या हातात ठेवला. सुमतीबाईंना ते पुडकं घेताना कळेना, आपण मागून नेतोय की आपलंच परत नेतोय.

बसमध्ये खिडकीतून झळा येत होत्या. सुमतीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले. आपल्याला सगळं आठवतं हा त्यांचा अभिमान होता. लेआउटमध्ये कुठल्या वर्षी नळ आला, कुणाच्या मुंजीत वरण करपलं, सगळं. मग हे कसं चुकेल? त्यांनी तो पहिला पावसाळा पुन्हा डोळ्यांसमोर आणला. घरं नवी, रंग ओला. मधे कुंपण नव्हतं. हो, कुंपण नव्हतंच तेव्हा. दोन घरांच्या मधल्या मातीत, घरं बांधताना टाकलेल्या भरणीच्या उंचवट्यावर, एका सकाळी गुलाबी फुलं उभी. त्यांना वाटलं, रंभाबाईंनी लावली असणार. शेतकरी घरच्या त्या, दुसरं कोण लावणार? म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. दुसऱ्याचं झाड कसं तोडायचं? रोज नुसतं बघायचं. आणि रंभाबाईसुद्धा तिकडून, बहुधा ती सुमतीबाईंची समजून, रोज नुसत्या बघायच्या. मग एका दुपारी रंभाबाई खुरपं घेऊन आल्या, जमीन उकरली, काही न बोलता एक मूठ सुमतीबाईंच्या ओंजळीत घातली आणि एक स्वतःच्या पदरात घेतली. दोघी हसल्या. त्या दिवसापासून झाडाला नाव मिळालं. एका घरात एक, दुसऱ्या घरात दुसरं.

म्हणजे रंभाबाई त्या दिवशी देत होत्या की घेत होत्या?

आणि लावली कुणी? भरणीच्या मातीबरोबर आली असेल? कुठल्या शेतातून, कुठल्या नाल्याकाठून, कुणास ठाऊक. सुमतीबाईंनी कितीही उकरलं तरी त्याच्या खाली काही लागेना. आपण इतकी वर्षं दुसरीचं नाव घेतलं आणि ती तिकडे आपलं घेत होती. यावर हसावं की रडावं, हेसुद्धा त्यांना कामठी ते नागपूर एवढ्या रस्त्यात ठरवता आलं नाही.

शनिवारी सकाळीच मिस्त्री आला. पायरीपाशी त्यानं माल कालवायला घेतला. सुमतीबाई पाटावर बसून नव्या पट्टीत बोटानं खड्डे पाडत, एकेक कांदा आत दाबत होत्या. डावी बाजू पूर्ण होता होता कांदे संपले. उजवी तशीच राहिली. वरून माती सारखी केल्यावर दोन्ही बाजू अगदी एकसारख्या दिसू लागल्या.

ऋषी कमरेवर हात ठेवून उभा होता. "लावलं?"

"लावलं."

"पाणी?"

"घालायचं नाही."

"मग हे दिसणार केव्हा?"

"पाऊस आल्यावर."

ऋषीनं डाव्या पट्टीकडे पाहिलं, मग उजव्या. "आई, याच्यात आणि रिकाम्या पट्टीत फरक काय?"

"काही नाही," सुमतीबाई म्हणाल्या. खरंच नव्हता.

"तू वेळ काढून राहिली का माझ्यासमोर? मी गेलो की मोगरा आणून लावशील इथं, पाइप सोडशील, बाबा पुन्हा..." त्याचा आवाज चढला आणि मधेच तुटला. "मी तिथून रोज फोन करून विचारू का, वाट कोरडी आहे का म्हणून?"

सुमतीबाईंनी मातीचे हात पदराला पुसले. मुलाच्या आवाजातली भीती त्यांना आत्ता ऐकू आली. इतके दिवस त्यांना नुसती अट ऐकू येत होती.

"साहेब," मिस्त्रीनं हाक मारली, "माल तयार आहे. पट्टीत टाकू का पायरीला?"

तेवढ्यात घरातून विश्वनाथरावांचा आवाज आला. "अरे, पट्टीचं मग बघा. आधी ते पोत्यातले कांदे कोणीतरी काढा! सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"जा बाबा, बघून ये," सुमतीबाई वैतागून म्हणाल्या. "नाहीतर ते स्वतः उठतील."

ऋषी घराच्या मागे गेला. तिथून त्याचा आवाज आला, पण वेगळाच. "आई, जरा इकडे ये."

कूलरचा स्टँड मुरमाड जागेवर डुगडुगत होता म्हणून मिस्त्रीच्या माणसानं त्याच्या पायाशी एक मातीनं भरलेलं पोतं टेकवून ठेवलं होतं. कूलरच्या टाकीतून त्यावर थेंब थेंब पाणी पडत होतं. पोत्याची शिवण उसवली होती, आणि त्या फटीतून हिरव्या, बारीक पाती बाहेर आल्या होत्या. आधी आडव्या, मग उजेडाकडे वळून सरळ वर. दाट, तजेलदार.

ऋषी उकिडवा बसला होता. त्यानं फटीत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. काळ्या ढेकळात छोटे छोटे कांदे. तो ते बघत राहिला. "हे आपल्या वाटेवरचंच पोतं आहे. सगळं ट्रॉलीत गेलं असं मला वाटलं होतं."

"मी बुधवारपासून सांगून राहिलो," खिडकीतून विश्वनाथराव म्हणाले. "या घरात आंधळा कोण आहे तेच समजत नाही."

"बाबा, तुम्ही कांदे म्हणत होते."

"मग हे काय वांगी आहेत?"

समोरून मिस्त्रीची पुन्हा हाक आली. "साहेब, माल वाळेल!"

ऋषी उठला. मूठ त्यानं तशीच धरून ठेवली होती. "पायरीला लावा," तो ओरडला. "सगळा पायरीलाच."

मग पोतं वाटेवर आणून उपडं केलं, आणि उजवी पट्टी ऋषीनं स्वतः लावली, गट्टूवर गुडघे टेकून. "या पाती वाळतील ना आता?" त्यानं विचारलं. "वाळू दे वरून," सुमतीबाई म्हणाल्या. "खाली ती आपलं बघते." त्यानं दोनदा पाण्याच्या तांब्याकडे हात नेला आणि दोन्ही वेळा सुमतीबाईंनी तो मागे सारला. नूपुरनं विचारून घेतलं, "म्हणजे डावीकडची सुमती, कामठीहून आली ती. आणि उजवीकडची रंभाबाई. बरोबर?"

"बरोबर," सुमतीबाई म्हणाल्या. मग त्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि घराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आता डावी उजवी झाली होती. "की उलटं गं? मी लावायला बसले तेव्हा तोंड कुठे होतं माझं?"

"फाटकाकडे होतं," नूपुर म्हणाली.

"घराकडे होतं," ऋषी म्हणाला.

रविवारी ती दोघं गेली. जाताना नूपुरनं उरलेले चार-दोन कांदे रुमालात बांधून घेतले आणि पिशवीत ठेवता ठेवता विचारलं, "आई, पुण्याला हिला काय म्हणू?"

सुमतीबाईंनी विचार केला. बराच केला. रीत सोपी होती, ज्यानं दिलं त्याचं नाव. पण दिलं कोणी?

"रिक्षा उभी आहे," विश्वनाथराव म्हणाले. "कांदे म्हण आणि नीघ."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर विश्वनाथराव काठी घेऊन एकटेच फाटकापर्यंत जाऊन आले. वाट कोरडी होती. सुमतीबाई व्हरांड्यात बसून बघत होत्या. पोत्यातल्या पाती एका दिवसातच माना टाकून मातीवर आडव्या पडल्या होत्या.

समोरून प्रेमिलाबाई आल्या आणि पट्ट्यांकडे वाकून बघू लागल्या. "काहून वं, शेवटी काहीच नाही लावलं?"

"लावलं आहे."

"काय लावलं?"

सुमतीबाईंनी तोंड उघडलं. एक नाव ओठांवर आलं, त्याच्या मागोमाग दुसरं आलं, आणि दोन्ही तिथंच अडखळली.

"बसा," त्या सरकून जागा करत म्हणाल्या. "सांगते. पण तुम्हालाच काही उलगडलं तर मला सांगा."